काडी कोणी मोडायची

रामीबाईला नवरा सोडायचा होता. गोष्ट एवढीशी, पण ती करून द्यायला दारव्ह्यापासून यवतमाळपर्यंत एक माणूस तयार होईना. नवऱ्यांनी टाकलेल्या बाया गावोगाव होत्या, त्यांच्याबद्दल कधी कोणाला नियम आठवला नाही. बाईनंच नवरा टाकायचा म्हटल्यावर मात्र ज्याला त्याला धर्म, रीत आणि कायदा आठवायला लागला.

रामीबाई लग्नाआधी आणि आता पुन्हा दारव्ह्याच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होती. तिथल्या रेचा यंत्रांना कापूस पुरवायचं काम. दिवसभर डोक्यावर, भुवयांवर, पापण्यांवर कापसाचे तंतू, आणि रेच्यांच्या खडखडाटात बोलायची सवय लागल्यामुळे घरातही चार घरांना ऐकू जाईल असा आवाज. तिचं सासर घाटंजीकडचं. नवरा गोविंदा दिसायला देखणा, बोलायला त्याहून गोड, आणि कामाच्या नावानं शंख. त्याचं थोडकं वावर होतं. त्यातली पराटी, म्हणजे कपाशी, रामीबाईनं डवरायची, रामीबाईनं वेचायची आणि गोविंदानं बाजारात जाऊन पान खायचं, अशी त्या संसाराची वाटणी होती.

सत्तावन सालच्या उन्हाळ्यात गोविंदा बाजारातून येताना दुसरी बायको घेऊन आला. रामीबाईला तेव्हा दिवस गेले होते. ती दारात उभी राहून बघत राहिली. गोविंदा हसून म्हणाला, "काहून अशी पाहून राह्यली? दोघी मिळून नांदा. वेचनीले दोन हात जास्तीचे झाले." तिनं दोन लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि थेट दारव्ह्याला भावाचं, फकिराचं, घर गाठलं. त्या दिवाळीच्या सुमारास फकिराच्याच घरी नलू जन्मली.

गोष्ट इथं संपली असती तर रामीबाई सोडचिठ्ठी मागायला कोणाच्या दारात गेलीही नसती. पण कापूस फुटायला लागला की गोविंदाला बायकोची आठवण यायची. बाजाराच्या दिवशी तो जिनाच्या फाटकाशी येऊन उभा राहायचा आणि ती बाहेर पडली की तिचं मनगट धरायचा. ती हिसडा द्यायची, शिव्या घालायची, आणि बाजार भोवती गोळा होऊन न्याय करायचा. "जाय ना वो बाई, नवरा हाय तो. मारून तं नाही राह्यला." एकदा तर मुकादमानंच तिला कामाची पाळी संपायच्या आत बाहेर काढलं, का तर नवरा न्यायला आला आहे. ती तान्ह्या नलूला झोळीतून उचलून मागच्या कुंपणानं पळाली. त्या दिवशी तिनं ठरवलं, की या माणसाला 'नवरा हाय' म्हणायची सोयच कायमची बंद करायची.

पूर्वी हे एका दुपारचं काम होतं. पंच बसत. नवऱ्यानं गवताच्या काडीचं एक टोक धरायचं, बायकोनं दुसरं, आणि पंचानं ती मधोमध मोडायची. झाली काडीमोड. तू तुझ्या वाटेनं, मी माझ्या वाटेनं. पण ती पूर्वीची गोष्ट. छप्पन साली तिच्या माहेरच्या वस्तीतले लोक नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. गाडीतून उतरले तेव्हा फकिराच्या अंगावर पांढरा सदरा होता आणि चेहऱ्यावर असं काही तेज होतं, की त्याची बायको दोन दिवस त्याला भाजी आणायला सांगायला लाजली. लगेच वस्तीची सभा झाली. देव बाहेर, जात बाहेर, जातपंचायतही बाहेर. आपण आता जातच मानत नाही तर जातीचे पंच कसले?

या सभेला रामीबाई हजर होती, दिवाळीला माहेरी आलेली. तिथंच तिनंही दीक्षा घेतली. तिच्या आईला एके काळी पंचांनी असला दंड ठोकला होता की बिचारी मरेपर्यंत तो विसरली नाही. तेव्हा पंचायत बंद करायची कोणाची तयारी आहे असं विचारल्यावर रामीबाईनं एक नाही, दोन्ही हात वर केले होते. आणि तिचा आवाज तर सांगितलाच.

आता ती त्याच माणसांच्या दारात उभी राहून म्हणत होती, "काडी मोडून द्या."

फकिरा पूर्वी पंचांमधला सगळ्यात तरणा पंच होता. तो म्हणाला, "रामे, ते आपुन सोडलं. ठराव झाला."

"मोडाचा एक दिवस ठराव. पुन्ना जोडा."

"ठराव म्हंजे काय वाळवन हाय, उचललं आन् टाकलं? तुनंच तं दोन हात वर केलते."

"केलते. तवा मले कुठं ठावं होतं का नवरा त्याच्यानंतर बिघडन?"

बाकीचे जुने पंच बसून होते. एक म्हणाला, आपण सुधारलो, आपण आता कायद्यानं चालायचं. दुसरा म्हणाला, सरकारनं कायदा केला आहे, बाईला कोर्टातून सोडचिठ्ठी मिळते. यांच्यापैकी एकानंही कोर्ट आतून पाहिलं नव्हतं, पण रामीबाईला तिकडे पाठवायला सगळे एका पायावर तयार होते.

दारव्ह्याच्या कचेरीसमोर कय्युमभाई अर्जनवीस निंबाखाली बसायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बहन, ये काम जिल्हे का है. वकील लागेल." आणि यवतमाळच्या मुळावकर वकिलांचं नाव सांगितलं, की तापट आहेत पण गरिबाची केस टाकून देत नाहीत.

मग एका सकाळी रामीबाई, फकिरा आणि कडेवर नलू अशी तिघं छोट्या रुळांच्या गाडीनं यवतमाळला गेली. मुळावकर वकिलांची बैठक पक्षकारांनी भरलेली. नंबर यायला दुपार झाली. वकील पान लावता लावता विचारत गेले आणि अर्ज लिहून घेत गेले. लग्न कधी, कुठं, पोरं किती. मग म्हणाले, "हिंदू विवाह कायद्याखाली अर्ज करू."

फकिरा ताठ झाला. "आमी हिंदू नाही साहेब."

"मग?"

"बौद्ध."

"ते या कायद्यात धरलेले आहेत. बौद्ध, जैन, शीख, सगळे."

"कोनाले इचारून धरले?"

वकिलांनी वर पाहिलं. असा प्रश्न त्यांना आजवर कोणी केला नव्हता. "अहो, दिल्लीत कायदा झाला. मला विचारून नाही केला."

"मंग आमी नागपूरले कायले गेलतो?" फकिरा उठला. "ज्या कागदावर हे नाव असन, त्याच्यावर माह्या घरचा आंगठा लागनार नाही." आणि तो बाहेर ओट्यावर जाऊन पाठ करून बसला.

रामीबाईलाही ते नाव टोचलं होतं. दीक्षेचा तिला भावाइतकाच अभिमान होता, पाण्याला कोणी अडवलं तर ती चौघांना पुरून उरायची. पण बाजारच्या दिवशी मनगट धरलं जायचं ते तिचं, फकिराचं नाही. ती म्हणाली, "साहेब, तो धर्म सांभाळते, सांभाळू द्या. मी आंगठा देतो. फक्त एक सांगा, याच्यात माही दीक्षा तं नाही ना जात?"

"नाही जात, बाई."

"मंग कुठं लावू?"

पण वकील अजून थांबले होते. त्यांनी पान तोंडात टाकलं आणि मोठ्या समजूतदारपणे म्हणाले, "खरं सांगू का, तुम्ही इथवर यायलाच नको होतं. तुमच्यात काडीमोडीची रूढी आहे ना? कायद्यानं ती तशीच ठेवली आहे. पंचांना बोलवा, काडी मोडा, मोकळ्या व्हा. कोर्टात कशाला वर्षं घालवता?"

रामीबाईनं त्यांच्याकडे बघितलं. मग दाराबाहेर भावाच्या पाठीकडे बघितलं. तिला इतका राग आला की तो कोणावर काढावा हेच कळेना, म्हणून तिनं नलूचं शेंबडं नाक जरा जास्तच जोरात पुसलं आणि नलूनं भोकाड पसरलं.

तरीही ती दारव्ह्याला परतल्यावर पुन्हा पंचांकडे गेली. वकील म्हणतात, कायदा काडीमोड मानतो. पंच म्हणाले, कायदा मानत असेल, आम्ही मानत नाही. वस्ती म्हणे कोर्टात जा, तू सुधारलीस. कोर्टातला माणूस म्हणे वस्तीत जा, तुमच्यात चालतं. धड इकडची नाही, धड तिकडची नाही. या सगळ्या शहाण्यांना एका गाडीत घालून घाटंजीला गोविंदाकडे नांदायला पाठवावं, असं ती जिनात बायांना सांगायची. बाया हसायच्या आणि रेचे चालू राहायचे.

शेवटी अर्ज दाखल झाला. मुळावकरांनी तिला समजावलं, नवरा मारतो किंवा टाकतो एवढ्यावर लगेच सोडचिठ्ठी मिळत नाही. आधी वेगळं राहायचा हुकूम, मग दोन वर्षं वाट, मग पुन्हा अर्ज. पण तो दुसऱ्या बाईबरोबर राजरोस राहतो हे शाबीत झालं तर थेट सोडचिठ्ठी मिळते. तेव्हा गोविंदाच्या गावचे साक्षीदार आण.

ती साक्षीदार आणायला गेली. सगळ्या गावाला दुसरी बायको दिसत होती. विहिरीवर, वावरात, चुलीपाशी ती सगळ्यांना रोज दिसायची. पण कोर्टात सांगायचं म्हटल्यावर गावच्या गाव आंधळं झालं. "आमी कायले पराया घरच्या भानगडीत पडावं बाई?" ज्या बाईनं तिच्या बाळंतपणाला लागेल म्हणून डिंक-सुंठ बांधून ठेवली होती, तिनंही दार लोटून घेतलं.

मग तारखा सुरू झाल्या. एका तारखेला समन्स परत आलं, गोविंदा गावात सापडला नाही म्हणून. त्याच आठवड्यात तो फाटकाशी उभा होता. एका तारखेला जज्जसाहेब रजेवर, एका तारखेला गोविंदाच्या वकिलाचं पोट दुखत होतं, एका तारखेला नुसताच पुकारा झाला आणि पुढची तारीख पडली. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. रामीबाई म्हणायची, शहाण्याचं ठीक आहे, गरजवंतानं कुठं जायचं ते कोणी सांगून ठेवलं आहे का? प्रत्येक तारखेला जिनातला दिवस बुडायचा, नलू गाडीत ओकायची, आणि फकिरा कोर्टाच्या आवारात आला तरी कागदाला हात लावायचा नाही. त्याला भूक लागली की मात्र भाकरी बरोबर मागायचा.

आणि एक दिवस गोविंदानं अर्जाला उत्तर म्हणून कैफियत दिली. मुळावकरांनी ती वाचली आणि बैठकीतले सगळे पक्षकार बाजूला सारून रामीबाईला पुढं बसवलं. गोविंदाला कोणीतरी सांगितलं होतं, की एक बायको असताना दुसरी करणं हा आता गुन्हा आहे. तेव्हा त्यानं लिहून दिलं होतं, की रामीबाईशी त्याची काडीमोड छप्पन सालच्या उन्हाळ्यात, दीक्षेच्या आधीच, पंचांसमोर झाली. पंचांपैकी दोघे वारले, तिसरा फकिरा. आणि त्यानंतर रीतसर दुसरी बायको करून तो तिच्यासोबत संसार करतो आहे.

जो माणूस परवा बाजारात 'माही बायको' म्हणून मनगट ओढत होता, तोच इथं लिहून देत होता की ती बायकोच नाही.

मुळावकर मात्र हात चोळत होते. "अगं, हे तर आपोआप झालं. तू फक्त हो म्हण. काडीमोड झाली होती म्हण. फकिरानं साक्ष द्यायची. तू त्याच दिवशी मोकळी. तीन वर्षांच्या तारखा संपल्या."

फकिरा पहिल्यांदाच आत येऊन बसला. "मी सांगतो, साहेब. माह्या हातानं मोडली म्हनतो."

आता हाच माणूस! बहिणीनं पाय धरले तेव्हा खरी काडी मोडायला तयार नव्हता, आणि न मोडलेली काडी मोडली म्हणून शपथेवर सांगायला निघाला. रामीबाई त्याच्याकडे बघत राहिली. ते प्रेमानंच होतं, तेवढं तिला कळत होतं. तिलाही वाटलं, म्हणावं हो आणि सुटावं. त्या क्षणी तिला इतकं थकल्यासारखं झालं होतं की हो हा शब्द तिच्या जिभेवर येऊन बसला होता. पण मांडीवर नलू वकिलांच्या पानाच्या डब्याशी खेळत होती, आणि रामीबाई बोटांवर काहीतरी मोजत थांबली.

"साहेब, काडी छप्पनच्या उन्हाळ्यात मोडली म्हनता. नलू सत्तावनच्या दिवाळीची. मंग नलू कोनाची?"

मुळावकरांनी कैफियत पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा वाचली. "कागदावर... ते कोणी विचारणार नाही, बाई."

"कागदावर नाही इचारनार. तिच्या लग्नात इचारतीन."

"तुला सुटायचं आहे की नाही?" वकील चिडले. "घास तोंडाशी आला आणि तू तोंड फिरवतेस."

फकिराही तिला समजावू लागला. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, खोटं बोलनार नाही, हे बी दीक्षेत घेतलं होतं ना तिकडं? का तेवढं गाडीतच राह्यलं?" फकिरा उठला आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसला.

तारखेच्या दिवशी रामीबाई पिंजऱ्यात उभी राहिली. मुळावकरांनी तिच्याकडे बघायचं सोडून पंख्याकडे बघायला सुरुवात केली होती. गोविंदाच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, "छप्पन सालच्या उन्हाळ्यात पंचांसमोर तुमची काडीमोड झाली, बरोबर?"

"नाही."

"नीट आठवून सांगा. तुमच्याच फायद्याचं आहे."

"आठोनीचं काय त्याच्यात? मोडली असती तं मी अठी कायले आली असती? मले मोडाची होती, साहेब. कोनी मोडून देल्ली नाही." कोर्ट भरेल असा तो जिनातला आवाज. जज्जसाहेबांनी लेखणी थांबवली. ती त्यांच्याकडे वळली. "माही पोट्टी त्याच्या दुसऱ्या सालची हाय. आन् ते याचीच हाय. मी नाही सांगत, त्यालेच इचारा."

गोविंदाची पाळी आली. काडीबद्दल त्याला सगळं पढवलेलं होतं. कोणत्या झाडाखाली, कोण पंच, काडी कसली, तो धडाधडा सांगत गेला. मग साहेबांनी स्वतः विचारलं, "सत्तावन साली दिवाळीत जन्मलेली ही मुलगी कोणाची?"

एवढं त्याला कोणी पढवलेलं नव्हतं. त्याच्या वकिलानं खाकरून इशारा केला. गोविंदानं बाकावर बसलेल्या नलूकडे पाहिलं, मग भरलेल्या कोर्टाकडे पाहिलं, आणि इतक्या लोकांत आपल्या बायकोला दुसऱ्याचं मूल झालं असं कोणी म्हणावं हे त्याला सोसेना. त्याची मान वर आली. "माहीच हाय ना साहेब. दुसऱ्या कोनाची राह्यन? सत्तावनच्या उन्हाळ्यापावतर माह्याच घरी तं होती ते."

त्याच्या वकिलानं कागद गोळा करायला घेतले. मुळावकर पंख्याकडे बघणं विसरून उभे राहिले होते. काडी मोडलीच नव्हती, आणि दुसऱ्या बाईबरोबर संसार करतो हे तर गोविंदानं स्वतःच्या अंगठ्यानं लिहून दिलेलं. साऱ्या गावानं जी साक्ष दिली नाही ती त्यानं एकट्यानं देऊन टाकली.

एकसष्ट साली निकाल लागला. सोडचिठ्ठी मंजूर, मुलगी आईकडे. कोर्टाबाहेर मुळावकरांनी तिला सांगितलं, "आता तू मोकळी. फक्त कायद्याप्रमाणे वर्षभर तुला दुसरं लग्न करता येणार नाही."

रामीबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "साहेब, मी याच्यासाठी तीन सालं चपला झिजवल्या, आन् कायद्याले वाटून राह्यलं का मी नवरदेव बाहेर उभा ठेवून आली?"

फकिरा हसला, आणि मग निकालाची नकल मागायला स्वतःच खिडकीशी गेला. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "नाव?"

"रामीबाई," मागून ती म्हणाली.

"कोणाची बायको?"

"कोनाचीच नाही."

"असं चालत नाही. नावापुढं कोणीतरी लागतं."

"तेच तं खोडाले आली होती, बापा." ती खिडकीशी आली आणि नलूला उचलून समोर धरलं. "हे पाय. रामीबाई, नलूची माय. असं लिही."

कारकुनानं मागच्या रांगेकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि तसंच लिहिलं.